तिऱ्हाइताचा विमा

'तिऱ्हाईत' हा शब्द मराठीत सामान्यतः परक्या, असंबंधित माणसाला उद्देशून वापरला जातो. दोघांच्या व्यवहारात ज्याचा हिस्सा नाही आणि दोघांच्या भांडणात ज्याचे काही जात नाही, तो तिऱ्हाईत. मोटारविम्याच्या कायद्यात मात्र हा तिऱ्हाईतच मुख्य पात्र होऊन बसला आहे. करार होतो तो गाडीचा मालक आणि विमा कंपनी यांच्यात. हप्ता भरतो तो मालक. आणि हे सारे केले जाते ते रस्त्याने चाललेल्या अशा एका माणसासाठी, की ज्याचे नावगाव त्या दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते. ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही नवल आहे असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः ती फार जुनी नाही, आणि ती आकाराला येत असताना एक माणूस तिच्या चौकटीत कधीच नीटसा बसला नाही. स्वतःच्या पैशाने गाडी घेऊन, ती स्वतःच चालवून, दुसऱ्याचा माल घरोघर वा दुकानोदुकानी पोचवणारा तो हा माणूस होय.

माल पोचवणे आणि जोखीम उचलणे हे दोन्ही धंदे आपल्याकडे फार जुने आहेत. ठरलेल्या एकठोक रकमेत माल इच्छित स्थळी पोचवायचा आणि वाटेतल्या जकाती स्वतःच भरायच्या, असा करार करणाऱ्याला हुंडेकरी म्हणत. आजही महाराष्ट्रात हुंडेकरी आडनावाची घराणी आढळतात. 'विमा' हा शब्द फारसीतील 'बीमा' या शब्दापासून आला, आणि अठराव्या शतकात देशातील सराफ वाटेवरच्या मालाचा व रोकडीचा विमा उतरवीत असत, याला भरपूर पुरावा आहे. परंतु हुंडेकऱ्याचा करार काय किंवा सराफाचा विमा काय, दोन्ही मालापुरते होते. माल वेळेवर पोचला, चोरीला गेला, भिजला, एवढाच त्यांचा विषय. वाटेवरच्या माणसाला त्या व्यवहारात स्थान नव्हते. बैलाच्या चालीने चालणाऱ्या वाहतुकीत ते नसले तरी फारसे बिघडत नसावे.

इंग्रजी अमलात या विषयावर दोन कायदे झाले. त्यांची वर्षे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. १८५५ च्या प्राणघातक अपघातविषयक कायद्याने, दुसऱ्याच्या चुकीमुळे कोणी मृत्यू पावल्यास त्याच्या पत्नीला अथवा पतीला, आईबापांना व मुलांना भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६५ साली, भाड्याने माल नेणाऱ्या वाहतूकदारांचा कायदा आला. त्यात मालाच्या मालकाची चांगलीच काळजी घेतलेली होती. माल हरवला वा खराब झाला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे मालकावर नव्हते. सोने, चांदी, रेशीम यांसारखा मौल्यवान माल शंभर रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर तो आगाऊ सांगितला पाहिजे, एवढीच अट. हा कायदा २००७ च्या नव्या रस्ता-वाहतूक कायद्याने रद्द केला, आणि तो नवा कायदा २०११ च्या मार्च महिन्यात अमलात आला. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे त्याची सत्ता चालली. आता या दोहोंची तुलना करावी. रेशमाचा गठ्ठा हरवला तर वाहतूकदार बांधलेला. पण त्याच्या गाडीखाली माणूस सापडला तर विधवेने दिवाणी न्यायालयात जायचे, गाडीवानाची चूक पुराव्याने शाबीत करायची, आणि एवढे करून हुकूमनामा हाती आला तरी गाडीवानाच्या घरी जप्त करण्यासारखे काय असणार? हक्क होता, पण तो वसूल कोठून करायचा याचे उत्तर कायद्याजवळ नव्हते.

मोटार आली आणि हा प्रश्न निकडीचा झाला. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री एका मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धक्क्याने मृत्यू आलेली इंग्लंडमधील ती पहिली पादचारी समजली जाते. अपघाती मृत्यू, असा निर्णय झाला आणि प्रकरण मिटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडने मोटारींवरील जुनी जाचक वेगमर्यादा उठवली. पुढल्या तीस वर्षांत मोटारी वाढल्या, अपघात वाढले, विमा कंपन्याही वाढल्या. पण विमा ऐच्छिक होता, आणि ज्यांच्यापाशी थोडेबहुत धन होते तेच तो उतरवीत.

या ऐच्छिक विम्यातही केवढी पोकळी होती हे १९२८ मधील एका इंग्रजी खटल्यावरून दिसून आले. एका मोटार कंपनीच्या गाडीने जखमी झालेल्या माणसाने कंपनीविरुद्ध निकाल मिळवला. पण भरपाई हाती पडण्यापूर्वीच कंपनीचे दिवाळे निघाले. कंपनीचा विमा होता आणि विमेदारांनी पैसेही दिले. तथापि ते पैसे कंपनीच्या मालमत्तेत जमा झाले, आणि न्यायालयाने सांगितले की त्यांवर सर्व धनकोंचा सारखाच हक्क आहे. ज्याचे हाड मोडले म्हणून ती रक्कम मिळाली, तो माणूस सावकारांच्या आणि पुरवठादारांच्या रांगेत उभा राहिला. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनचूक होता. म्हणूनच कायदा बदलणे भाग पडले. १९३० साली इंग्लंडने एकाच वर्षात दोन कायदे केले. एकाने जखमी माणसाला विमा कंपनीवर थेट हक्क दिला, आणि दुसऱ्याने, म्हणजे रस्ता वाहतूक कायद्याने, तिऱ्हाइताचा विमा उतरवल्यावाचून मोटार रस्त्यावर आणणे गुन्हा ठरवला. १ जानेवारी १९३१ पासून हा नियम लागू झाला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने चार वर्षे आधीच, १९२७ च्या प्रारंभी, हे पाऊल उचलले होते. इंग्लंडमध्ये त्या सुमारास रस्त्यावर दरसाल सात हजारांहून अधिक माणसे मरत होती हे ध्यानी घेतले, म्हणजे या त्वरेचे कारण कळते.

हिंदुस्थानात १९१४ चा मोटारवाहन कायदा नोंदणी आणि परवाने यांपुरताच होता. विम्याचा त्यात उल्लेख नव्हता. १९३६-३७ मध्ये रफ्टन यांच्या अध्यक्षतेखाली मोटारविम्याच्या प्रश्नावर समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालाच्या आधारे १९३९ च्या मोटारवाहन कायद्यात आठवे प्रकरण घातले गेले. कायदा १ जुलै १९३९ रोजी अमलात आला. परंतु हे आठवे प्रकरण मात्र तसेच खोळंबले. मध्ये महायुद्ध झाले, आणि १ जुलै १९४६ रोजी ते प्रकरण अखेर लागू झाले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ही संस्थाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्याबाहेर होती, आणि गोवा तर पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. संस्थानी मुलखाला हा कायदा विलीनीकरणानंतर, तर गोव्याला १९६१ च्या मुक्तीनंतर लागू झाला.

त्या आठव्या प्रकरणात एक विसंगती होती. ती पुढे पन्नास वर्षे टिकली. खाजगी मोटारीच्या बाबतीत तिऱ्हाइताच्या मृत्यूबद्दल जेवढी भरपाई न्यायालय ठरवील तेवढी सारी विमा कंपनीने भरायची. मालमोटारीच्या बाबतीत मात्र विम्याची सक्ती वीस हजार रुपयांपर्यंतच. ही मर्यादा १९६९ च्या दुरुस्तीने पन्नास हजारांवर आणि १९८२ च्या दुरुस्तीने दीड लाखावर गेली. वाहतूकदाराला हप्ता परवडावा हा यामागील हेतू असावा, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. पण परिणाम काय झाला? शेठजींच्या मोटारीखाली सापडलेल्या माणसाच्या कुटुंबाला पूर्ण भरपाईची हमी, आणि मालट्रकखाली सापडलेल्याच्या कुटुंबाला मर्यादेपर्यंतच. मर्यादेवरची रक्कम ट्रकच्या मालकाने आपल्या खिशातून द्यायची. ज्याच्या मालकीचे दहा-वीस ट्रक आहेत त्याला ती देता येई. ज्याचा एकच ट्रक, तोही कर्जाचा, त्याच्या बाबतीत ते कुटुंब पुन्हा १८५५ च्या जागी येऊन उभे राहत असे. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला आणि त्याने मृत्यू व शारीरिक इजा यांबाबतची ही मर्यादा काढून टाकली. मोटार कायद्याच्या इतिहासात १ जुलै या तारखेचे काही विशेष प्रेम दिसते, असो.

मधल्या काळात दोन सुधारणा झाल्या, त्या मोलाच्या होत. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे निर्माण करण्याची सोय झाली, त्यामुळे विधवेची दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्यांतून सुटका झाली. १९८२ च्या दुरुस्तीने चूक कोणाची हे न पाहता मृत्यूबद्दल पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल साडेसात हजार रुपये देण्याचे तत्त्व प्रथमच मान्य झाले. रकमा लहान होत्या, तत्त्व मोठे होते.

या कायद्याने मालवाहतुकीची एक विभागणीही केली, आणि प्रस्तुत विषयाचे मर्म तिच्यातच आहे. आपल्या दुकानाचा वा कारखान्याचा माल आपल्याच गाडीतून नेणारा तो खाजगी वाहक, आणि भाडे घेऊन दुसऱ्याचा माल नेणारा तो सार्वजनिक वाहक. गाडी तीच, रस्ता तोच, वजनही तेच; फरक एवढाच की आतील पोती कोणाची. १९८८ च्या कायद्याने हे दोन शब्द परवान्याच्या व्यवस्थेतून काढून टाकले, पण विम्याच्या दरपत्रकात ते कायम राहिले. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार, साडेसात हजार किलोपर्यंतच्या भाड्याच्या मालगाडीचा तिऱ्हाईत-विम्याचा वार्षिक मूळ हप्ता १६,०४९ रुपये होता. तशाच गाडीतून स्वतःचा माल नेणाऱ्याचा त्याच्या जवळजवळ निम्मा. भाड्याची गाडी अधिक फिरते, घाईने फिरते, म्हणून तिचा हप्ता अधिक, हा विमा कंपन्यांचा हिशेब चुकीचा नाही. पण तो हप्ता ज्याने भरायचा, त्याच्याजवळ त्या गाडीवाचून दुसरे उत्पन्न नसते, ही गोष्ट त्या हिशेबात येत नाही.

हा माणूस रस्त्यावर मोठ्या संख्येने केव्हा दिसू लागला? त्याचे उत्तर मराठी भाषेतच सापडते. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि जर्मनीतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने तिने तीन चाकांची मालगाडी बनवण्यास प्रारंभ केला. त्या कारखान्याचे नावच पुढे मराठीत सामान्यनाम झाले. भाजी टेम्पोने येऊ लागली, लग्नाचे सामान टेम्पोत चढू लागले. आणि कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी 'टेम्पो'च ठरली. ट्रकला भांडवल लागे, क्लीनर लागे, लांबचा परवाना लागे. टेम्पो मात्र एकट्या माणसाला कर्जाऊ घेता येई आणि एकट्याला चालवता येई. २००५ साली पुण्यात तयार झालेली टाटांची 'एस' ही चारचाकी बाजारात आली, लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले. तीन हजार किलोंपर्यंत एकूण वजन असलेल्या मालगाडीला १९८८ च्या कायद्यानुसार परवान्याची गरज नसल्याने, स्वतःच मालक आणि स्वतःच चालक होऊ पाहणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. परवाना सुटला, पण विमा सुटला नाही. तो सुटताही कामा नये.

तथापि विम्याच्या कागदावर लहान अक्षरांत जे लिहिलेले असते, त्याने या लोकांची वारंवार कोंडी केली. मालाबरोबर मालाचा मालक गाडीत बसला आणि अपघातात दगावला, तर तो तिऱ्हाईत की नव्हे? बाजारच्या दिवशी आपल्या टोपल्यांशेजारी बसून जाणारा शेतकरी हा आपल्याकडील नित्याचा देखावा. त्याच्या बाबतीत न्यायालयांचे निर्णय उलटसुलट होत राहिले, म्हणून १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक वा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश स्पष्ट शब्दांत केला. पण फुकट वा भाडे देऊन चढलेल्या इतर उतारूंचा भार विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. दुसरा वाद चालकाच्या परवान्याचा. हलकी मोटार चालवण्याचा परवाना असलेल्या माणसाने तेवढ्याच वजनाची मालवाहू गाडी चालवली, तर त्याचा परवाना पुरेसा की अपुरा? 'अपुरा' म्हणून कंपन्या भरपाई नाकारीत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालकाच्या बाजूने कौल दिला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, साडेसात हजार किलोंपर्यंतच्या गाडीपुरता, तोच निर्णय कायम केला.

अटीचा भंग झाला तरी तिऱ्हाइताला वाऱ्यावर सोडू नये, म्हणून न्यायालयांनी एक तोडगा काढला आहे. कंपनीने आधी जखमीचे पैसे द्यावेत आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करून घ्यावेत. तिऱ्हाइताच्या दृष्टीने हा न्याय उत्तम आहे. एका टेम्पोच्या धन्याच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की, आधीचा धनको जखमी माणूस होता आणि आताची धनको विमा कंपनी आहे. आणि कंपनी थकत नाही.

मग हा धनी स्वतःच अपघातात सापडला तर? येथे कायद्याची खरी अडचण दिसते. नोकर चालकाला १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचा आधार होता, कारण त्याला मालक होता. रस्त्यावरच्या पादचाऱ्याला तिऱ्हाईत-विम्याचा आधार आहे, कारण तो तिऱ्हाईत आहे. स्वतःची गाडी हाकणाऱ्याला मालक नाही, आणि स्वतःच्या विम्याच्या करारात तो तिऱ्हाईतही होऊ शकत नाही. त्याची स्वतःची चूक असेल, किंवा गाडी एकटीच उलटली असेल, तर तिऱ्हाईत-विमा त्याच्या उपयोगाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हे स्पष्ट केले, आणि २००९ मध्ये तर मालकाची गाडी मागून घेऊन चालवणाऱ्यालाही मालकाच्याच जागी बसवले. ही पोकळी भरण्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात-विमा सक्तीचा करण्यात आला. दुचाकीला एक लाख आणि इतर वाहनांना दोन लाख, अशी त्याची रक्कम दीर्घकाळ होती. २०१८ मध्ये ती सर्वांसाठी पंधरा लाख झाली. ही वाढ स्वागतार्ह खरीच, परंतु ती मृत्यू व कायमचे अपंगत्व यांपुरती आहे. पाय मोडून तीन महिने घरी बसलेल्या माणसाच्या कर्जाचे हप्ते तीतून फिटत नाहीत.

आता या कथेत दुचाकीस्वार आला आहे. पाठीवर चौकोनी पेटी, हँडलला बांधलेला मोबाईल, आणि दहा-पंधरा मिनिटांत गाठायचे घर. हे लोक कोणाचे नोकर नाहीत. करारपत्रात त्यांना 'भागीदार' म्हटले जाते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा सर्व प्रकारच्या कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये सत्त्याहत्तर लाख असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ती दोन कोटी पस्तीस लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांची दुचाकी घरगुती वापरासाठी घेतलेली, पांढऱ्या पाटीची, आणि विमाही घरगुती. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा तिऱ्हाईत-विमा वरील दरपत्रकात ७१४ रुपयांचा आहे. पण घरगुती विम्याच्या ठरावीक मसुद्यात वापराची मर्यादा घातलेली असते: गाडी भाड्यासाठी वापरता कामा नये, आणि तिच्यावरून माल नेता कामा नये, अपवाद फक्त नमुन्यांचा आणि वैयक्तिक सामानाचा. 'नमुने' हा शब्द येथे मोठा बोलका आहे. तो अर्थातच त्या जुन्या फिरत्या विक्रेत्याचा, जो कापडाचे वा औषधांचे नमुने पिशवीत घालून गावोगाव हिंडे. त्याची सोय मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती. गरम जेवणाची पिशवी घेऊन पळणाऱ्या तरुणाची कल्पना त्याला नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. परिणामी अपघात झाला आणि तपासात पिशवी निघाली, की कंपनीला आक्षेप घेण्यास जागा मिळते. विशेषतः त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या मागणीत.

दुचाकी भाड्याने चालवणे कायद्याच्या चौकटीत बसूच शकत नाही, असेही नाही. गोव्यात मोटरसायकलवरून उतारू नेणारे 'पायलट' पिवळ्या-काळ्या गाड्यांवर रीतसर परवान्याने हा धंदा करतात. म्हणजे नोंदणी धंद्याची, विमाही धंद्याचा. अडचण हप्त्याची आणि माहितीची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने विम्याविना गाडी चालवण्याचा दंड पहिल्या खेपेस दोन हजार आणि पुढे चार हजार केला. चुकीचा विमा उतरवणाऱ्याला मात्र आपण चुकलो आहोत हे अपघात होईपर्यंत कोणी सांगत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिच्यात या 'भागीदारां'ची कायद्याने प्रथमच व्याख्या झाली. त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, परंतु या कामगारांना द्यावयाच्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, इतकी वर्गणी एका निधीत भरायची आहे, आणि त्यातून अपघात-विमा, आरोग्य, वार्धक्य यांसाठी योजना करायच्या आहेत. ही वर्गणी माणसासाठी आहे. गाडीचा विमा अद्याप त्याच्याच नावावर असतो, आणि त्याचा हप्ता तोच भरतो.